योना अमोलिकचा सूर

१९७६ सालच्या झावळ्यांच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, सकाळी आठ वाजता, वेदीवरची डावीकडची मेणबत्ती साधारण नऊ अंशांनी कललेली होती. उजवीकडची सरळ होती, कारण तिच्यावर खांबाची सावली पडायची. मी तिसऱ्या बाकावर बसून हातातल्या झावळीचं टोक डोळ्यांसमोर धरलं होतं आणि तो कोन अंदाजत होते. मी गावातल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. ही सवय तिथली. मेण वितळत नव्हतं, नुसतं मऊ पडत होतं. एप्रिलच्या अकरा तारखेला, सकाळी आठला.

मग मागच्या दारातून मुलं आली. सोळा मुलं, दोन-दोनच्या रांगेत, लाल झगे आणि वर पांढरे अंगरखे. आमच्या कॅथीड्रलचं हे कॉयर १९०० सालच्या दुष्काळानंतरचं. मिशनने गोळा केलेल्या पोरक्या मुलांतली अकरा मुलं एका इंग्रज पाळकाने गायला उभी केली. पुढे ती सोळा झाली आणि सोळाच राहिली. नियमही तेव्हाचेच. मुलगा गातो तोवर बोर्डिंगमध्ये राहणं, जेवण आणि शाळा. आवाज फुटला तर त्या वर्षाची शाळा पुरी करू देत. सूर चुकायला लागला तर तेवढंही नाही; जागा दुसऱ्याला. खेड्यापाड्यांतून नावं देऊन थांबलेली मुलं दर वर्षी तीस-चाळीस तरी असत.

माझे वडील, दाविद चक्रनारायण, एकतीस वर्षं या मुलांना शिकवत होते आणि ऑर्गन वाजवत होते. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. मी पपा म्हणायचे.

त्या दिवशी पहिलं कडवं योना अमोलिकने एकट्याने म्हणायचं होतं, साथीशिवाय, दारापासून वेदीपर्यंत चालत. दुसऱ्या कडव्याला ऑर्गन आणि बाकीची मुलं त्याला मिळणार. योना अकरा वर्षांचा होता, राजेवाडीच्या दवाखान्यात स्वयंपाक करणाऱ्या राहेलबाईंचा एकुलता मुलगा. राजेवाडीची शाळा चौथीपर्यंतच होती. दोन वर्षांपूर्वी पपांनी त्याला निवडलं तेव्हा त्याला शर्टाची बटणं लावता येत नव्हती, पण सूर ओळखता येत होता. पाहुणे आले की पपा त्याला बोलवायचे, टेबलावरच्या लोट्यावर चमचा मारायचे आणि विचारायचे, "योना, लोटा कोणत्या पट्टीत बोलतो?" योना सांगायचा. पपा हार्मोनियमवर ती पट्टी दाबून दाखवायचे आणि आम्हा सगळ्यांकडे असे बघायचे, जणू तो लोटा त्यांनीच घडवलाय.

इतर मुलांना एकट्याने गाण्याआधी ऑर्गनवरून हलकेच एक सूर द्यायची पद्धत होती. योनाला पपा देत नसत. "त्याला द्यावा लागत नाही," असं ते अभिमानाने म्हणायचे.

योनाने कडवं म्हटलं. चांगलं म्हटलं. मग ऑर्गन सुरू झाला आणि जिना उतरताना एखादी पायरी नसावी तसं सगळ्या देवळाला झालं. मुलाचा सूर आणि ऑर्गनचा सूर वेगळे होते. ऑर्गन वर होता, मुलगा खाली. बाकीच्या पंधरांनी ऑर्गनला धरलं. योना दोन ओळी तसाच गात राहिला आणि मग गप्प झाला. माझ्या पुढच्या बाकावरच्या चंपूबाई आढावांनी हलवायची झावळी मांडीवर ठेवली.

उपासनेनंतर कपड्यांच्या खोलीत मी पपांचा चष्मा द्यायला गेले. कॅथीड्रलचे मुख्य पाळक, डीन शिरसाठ, तिथेच होते. ते गेल्या जूनमध्ये नवीन आले होते. मोठे शिस्तीचे होते. गाण्यातलं त्यांना फारसं कळत नसे, पण कुजबुज कळत असे.

"सर, मुलगा उतरला," ते म्हणाले. "माझ्यासारख्याला कळलं म्हणजे बघा."

"हो साहेब. बघतो."

"ईस्टरला बिशपसाहेब येणार आहेत."

योना कोपऱ्यात अंगरखा डोक्यावरून काढत होता. आतूनच त्याचा आवाज आला. "मी नाही उतरलो. ऑर्गन वर गेला."

पंधरा मुलं एकदम हसली. "ऑर्गनला पाय फुटले रे!" कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "बायबलातला योना हा, माशाच्या पोटात बसून गातो, त्याला वरचं काय ऐकू येणार!"

"चूप!" पपा ओरडले. ते मुलांवर ओरडत नसत. "मोठ्यांसमोर असं बोलतात, योना?"

"पण सर, खरंच..."

"पुरे."

डीनसाहेब माझ्याकडे बघून हसले. "सायन्सवाल्या बाई, तुमचं काय मत? चढतो का ऑर्गन?"

"बघावं लागेल," मी म्हणाले.

बघण्यासारखं फार नव्हतं. ऑर्गनच्या पाइपमधली हवा तापली की तिच्यातून आवाज जास्त वेगाने जातो आणि सूर चढतो. हे मी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवत होते. प्रश्न फक्त किती चढला एवढाच होता. सोमवारी दुपारी मी पपांच्या खुंटीवरची किल्ली घेऊन देवळात गेले. ऑर्गन वरच्या गॅलरीत होता. तिथे थर्मामीटरवर सदतीस अंश दिसले. डिसेंबरात ज्या दिवशी पपांनी ऑर्गन जुन्या इंग्रजी नादकाट्याशी जुळवून घेतला, त्या दिवशी एकवीस होते. माझ्या वहीत नोंद होती. मी हवेचा ब्लोअर लावला, तोच नादकाटा गुडघ्यावर मारला आणि ऑर्गनची तीच पट्टी दाबली. दोन सूर जरासे वेगळे असले की आवाज हेलकावतो, कमी-जास्त, कमी-जास्त. जितका फरक तितके हेलकावे. डिसेंबरात एकही नव्हता. आता घड्याळ धरून चार वेळा मोजले. सेकंदाला सात.

सात म्हणजे पांढऱ्या पट्टीपासून शेजारच्या काळ्या पट्टीपर्यंतचं जे अंतर, त्याच्या जवळजवळ निम्मं.

संध्याकाळी तालमीच्या खोलीच्या खिडकीबाहेर मी उभी राहिले. तिथे हार्मोनियम असते, आणि हार्मोनियमच्या आतल्या पितळी पात्यांवर उन्हाचा परिणाम नगण्य. योना तिच्याशी अगदी जुळून गात होता. तालीम संपल्यावर मी नादकाटा त्याच्या कानाशी धरून म्हटलं, "हाच सूर लाव." त्याने लावला. एकही हेलकावा नाही.

"बरोबर आहे ना, ताई?"

"जा, जेवायला जा," मी म्हणाले.

रात्रीचं जेवण आम्ही साडेसातला करत असू. आई जाऊन चार वर्षं झाली होती. पपा ताटं मांडायचे, मी वाढायचे. त्या दिवशी त्यांनी भाकरीचा एकच तुकडा मोडला आणि हात तसाच ठेवला.

"नलू, तू दुपारी देवळात गेली होतीस. किल्ली उलटी लावलीस खुंटीला."

"हो."

"मोजलंस?"

इथे जानेवारीतली एक गोष्ट सांगायला हवी. जानेवारीत पपांनी मला दार लावून घ्यायला सांगितलं होतं. त्यांना डाव्या कानाने सगळे सूर थोडे चढे ऐकू येऊ लागले होते. एकच पट्टी, उजव्या कानाला एक, डाव्याला दुसरी. मी कॉलेजातून नादकाटे आणून तपासलं. खरं होतं. कानाच्या आतल्या भागाचं काहीतरी, उपाय नसलेलं. "तीन वर्षं राहिलीत माझी," ते म्हणाले होते. "शिरसाठांना कळलं तर तीन आठवडेही ठेवणार नाहीत. त्यांचा तो नागपूरचा ऑर्गनवाला तयारच आहे. आणि मी घरी बसून काय करू, नलू? कुणाला सांगू नकोस." मी नाही सांगितलं.

"मोजलंस का?" त्यांनी पुन्हा विचारलं. "ऑर्गन उन्हाने थोडा चढतो, ते मला तू जन्मायच्या आधीपासून माहीत आहे. दर वर्षी चढायला लागला की माझे कान मला सांगायचे. मग मी मुलांना ऑर्गनवरूनच सूर द्यायचो, तेही वर जायचे, कुणाला पत्ता लागायचा नाही. यंदा कानांनी सांगितलं नाही. म्हणजे एक तर ऑर्गन फारसा चढलेला नाही आणि पोरगा उतरतोय. नाही तर ऑर्गन चढलाय आणि मला कळलं नाही." त्यांनी ताट किंचित पुढे सरकवलं. "दुसरं असेल तर मी उद्याच राजीनामा देतो. बहिऱ्याने मुलांना शिकवणं पाप आहे. पण मला खरं हवं. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?"

मी पाणी प्यायले.

"दोन," मी म्हणाले. "सेकंदाला दोन हेलकावे. ऑर्गन थोडासाच चढलाय."

"आणि मुलगा?"

"मुलगा उतरतो."

पपांनी डोळे मिटले. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं ते मला दिसलं. मग त्यांनी ताट जवळ ओढलं आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

"खोलीत बरोबर गातो, देवळात उतरतो," ते खाता खाता म्हणाले. "भितो बिचारा. डीनसाहेब त्याला काढाच म्हणतायत. मी म्हटलं, शुक्रवारी एकदा बघू. उत्तम शुक्रवारी तिसऱ्या वचनानंतरचं गीत त्यालाच ठेवलंय. जमलं तर ईस्टरलाही तोच. नाही जमलं तर मग मी काही बोलू शकणार नाही."

मला वाटलं होतं, फार तर त्याचं एकट्याचं गाणं जाईल. हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितलं. पण सोमवारी रात्री साडेसातला मला समजलं होतं की शाळाच जाईल, आणि शुक्रवारपर्यंत माझ्याकडे तीन दिवस होते.

मी एक उपाय काढला. उपाय साधा होता, म्हणून मला तो चांगला वाटला. मुलगा वर गेला तर कुणालाच काही कळणार नाही. ऑर्गन चढलेला राहील, पपांचे कान झाकलेले राहतील आणि योना बोर्डिंगमध्ये राहील.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी त्याला गॅलरीत नेलं. तो जिन्यात दोनदा थांबला.

"सर रागावतील."

"मी आहे ना."

मी ऑर्गनची पट्टी दाबली. "या सुरावर ये."

तो ऐकत राहिला. कपाळाला आठी पडली. "ताई, हा जास्त आहे."

"असू दे. तू ये."

"खोटा लागतो."

"योना, ये म्हटलं ना."

तो आला. चढताना त्याचा चेहरा असा झाला, जसा दुसऱ्याची चप्पल पायात घालताना होतो. पण आला, आणि बरोबर आला. मी पट्टी सोडली, त्याला सबंध कडवं साथीशिवाय म्हणायला लावलं, शेवटच्या अक्षरावर पुन्हा पट्टी दाबली. तंतोतंत. सहा वेळा केलं. सहाही वेळा.

"हे लक्षात राहील?"

"राहील. एकदा ऐकलं की राहतं."

"देवळात गाताना असंच गायचं. इतकं वर."

"इतकं वर," तो म्हणाला. मग विचारलं, "म्हणजे रविवारी मी उतरलो नव्हतो ना?"

खाली अंगणात मुलं गोट्या खेळत होती. त्यांचा आवाज वर येत होता.

"ते जाऊ दे आता," मी म्हणाले. "आणि मी शिकवलं म्हणून कुणाला सांगू नकोस."

"सरांनापण नाही?"

"सरांना तर नाहीच."

आता जे सांगते ते आमच्या देवळातल्या लहान मुलालाही माहीत असायचं. मी त्या देवळात जन्मापासून बसत होते, मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या डोक्यात त्या आठवड्यात फक्त एक आकडा होता आणि त्याच्या आजूबाजूला काही नव्हतं.

शुक्रवारी बारा वाजता मी देवळात शिरले तर गॅलरीत ऑर्गनवर काळं कापड घातलेलं होतं. प्रभूच्या मरणाच्या दिवशी आमच्याकडे ऑर्गन वाजत नाही. गुरुवारी संध्याकाळी कापड पडतं, ते ईस्टरच्या पहाटे निघतं. दोन मोठी मुलं तालमीच्या खोलीतली हार्मोनियम उचलून आणत होती. त्यांनी ती वेदीच्या पायरीशी ठेवली. पपा तिच्यामागे खुर्चीवर बसले.

मुलं आधीच आपल्या जागी गेली होती. माझ्या आणि त्यांच्यामध्ये सगळं देऊळ होतं, पाचशे माणसं, पांढऱ्या साड्या, पुठ्ठ्याचे पंखे. प्रभूच्या क्रुसावरच्या सात वचनांपैकी पहिल्या वचनावर शिरसाठ साहेब पंचवीस मिनिटं बोलले. दुसऱ्यावर पाहुणे पाळक बोलले. त्या पाऊण तासात मी उठू शकले असते. बाजूच्या दाराने बाहेर पडून, व्हरांड्यातून जाऊन, कॉयरच्या बाकांमागे उभी राहू शकले असते. तसं करताना पपांना आणि डीनना दिसले असते, आणि नंतर दोघांनीही विचारलं असतं. मी घड्याळ बघत बसले.

तिसरं वचन झालं. योना पुढे आला. त्याने हार्मोनियमकडे पाहिलं. मग मान वळवून तिसऱ्या बाकाकडे पाहिलं, सरळ माझ्याकडे. तो विचारत होता. त्याला कळलं होतं की काहीतरी जुळत नाही; माझ्या आधी कळलं असणार. मी मान हलवली असती तरी पुरे होतं. डीनसाहेबांनी त्याच्या नजरेच्या दिशेने बघितलं.

मी गीताच्या पुस्तकात पाहिलं.

त्याने मी सांगितलेलं ऐकलं. बुधवारी शिकवला होता तो सूर त्याने जसाच्या तसा लावला, केसभरही इकडे तिकडे नाही, आणि सबंध कडवं त्यावर म्हटलं. मग पपांनी हार्मोनियमवर बोटं ठेवली.

या वेळी तो गप्प झाला नाही. तो माझ्या सुरावर शेवटपर्यंत गात राहिला. बाकीची मुलं हार्मोनियमबरोबर खाली, आणि तो एकटा वर.

कपड्यांच्या खोलीत मी दारात उभी होते. डीनसाहेबांचा आवाज चढलेला नव्हता. "रविवारी खाली, आज वर. सर, हा सूर आहे की पाळणा?"

कुणी हसलं नाही. पपा खाली वाकून योनाच्या उंचीचे झाले. "बाळा, वर का गेलास? खोलीत तर बरोबर म्हणतोस. घाबरलास का?"

योना अंगरख्याची बाही ओढत राहिला.

"कुणी काही सांगितलं का तुला?"

त्याने पपांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिथे आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही सर," तो म्हणाला.

आमच्याकडे जाणारा मुलगा आपला अंगरखा स्वतः घडी करून कपाटात ठेवतो आणि बाकीचे उभे राहतात. एरवी आवाज फुटलेला मुलगा जातो तेव्हा त्यात हसणं-खिदळणं असतं. योनाने अंगरखा टेबलावर पसरला, बाह्या आत घेतल्या, चार घड्या घातल्या. एक कोपरा जुळला नाही म्हणून उलगडला आणि पुन्हा घातल्या. पंधरा मुलं उभी होती. रविवारी माशाचा विनोद करणारा शमुवेल नाक ओढत होता.

शनिवारी दुपारच्या एसटीने राहेलबाई आल्या. दवाखान्यातून तशाच निघाल्या असाव्यात, पदराला हळद होती. पपांनी त्यांना खुर्ची दिली; त्या बसल्या नाहीत.

"सर, घरी तो काही गात नव्हता हो. शेरडांमागं फिरायचा. तुम्हीच आलात, तुम्हीच म्हणालात, याचा गळा देवाचा आहे."

"माझं चुकलं असेल, बाई."

"आता पाचवीतनं सहावीत गेलाय. सहावी कुठं करू? राजेवाडीत चौथीच्या पुढं मास्तर न्हाई." त्या थांबल्या. "एकदा माफ करा की. गाणं नसंल तर झाडलोट करंल."

"नियम आहे," पपा म्हणाले. ते आत निघून गेले.

मी त्या दोघांना एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेले. पत्र्याची पेटी मी धरली होती. राहेलबाई तिकिटाला गेल्या तेव्हा योना माझ्या जवळ सरकला.

"ताई, मी कुणाला सांगितलं नाही."

"हो," मी म्हणाले.

"मी बरोबर लावला होता ना, तुम्ही शिकवला तेवढाच? जास्त झाला का?"

गाडी लागली. लोक पेट्या, पाट्या घेऊन दाराशी ढकलाढकली करू लागले. मी त्याची पेटी टपावर चढवायला दिली आणि कंडक्टरला राजेवाडी फाट्यावर उतरवायला सांगितलं.

त्या रात्री पपा लवकर झोपले, शांत झोपले. झोपण्यापूर्वी म्हणाले, "वाईट वाटतं. पण तुझ्यामुळे निदान शंका राहिली नाही. मला सारखं वाटत होतं, माझेच कान."

पपांनी आणखी तीन वर्षं ऑर्गन वाजवला. उन्हाळ्यात मी गॅलरीत जाऊन मोजायचे आणि त्यांना खरे आकडे सांगायचे. त्याप्रमाणे ते मुलांना ऑर्गनवरून सूर द्यायचे. पुन्हा कधी कुणी उतरलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांना समारंभाने शाल मिळाली. मग मला पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि ते माझ्याकडे आले. आमच्या जेवणाच्या टेबलावर योनाचं नाव वर्षातून एकदा निघायचं, झावळ्यांच्या रविवारी. पपाच काढायचे. "कुठे असेल गं तो?" मी म्हणायचे, माहीत नाही. पत्र लिहून विचारणं अवघड नव्हतं. मी तीनदा लिहिलं आणि टाकलं नाही. पपा आहेत तोवर नको, असं मी ठरवलं होतं.

पपा २००१ च्या फेब्रुवारीत गेले, सत्त्याऐंशी वर्षांचे होऊन. दफन आपल्याच गावात करा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. कॅथीड्रल भरलं होतं. कॉयरमध्ये आता नऊच मुलं होती आणि ऑर्गनच्या जागी कीबोर्ड होता. जुनी मुलं आली होती, पोट सुटलेली, टक्कल पडलेली. पपांची आवडती गीतं ती बाकांवरून चार आवाजांत म्हणत होती. मी मागे वळून पाहिलं तेव्हा एक माणूस भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या हातात पुस्तक उघडं होतं आणि तोंड बंद होतं.

कबरस्तानात माती टाकून झाल्यावर तो माझ्याकडे आला. हात धुतलेले होते, तरी नखांत काळं होतं.

"ताई, ओळखलं का? अमोलिक. राजेवाडीचा."

मी मान हलवली.

"पेपरात वाचलं. सरांनी दोन वर्षं शिकवलं मला, म्हटलं माती तरी द्यावी." तो हसला. हसताना चेहरा अकरा वर्षांचा झाला. "फाट्यावर दुकान आहे माझं. पंपाच्या मोटारी बांधतो. लोक म्हणतात, अमोलिक मोटर न उघडता नुसती ऐकून सांगतो काय बिघडलंय."

"आई?"

"गेली, चार वर्षं झाली. शेवटपर्यंत दवाखान्यातच होती."

"तू गात नव्हतास," मी म्हणाले. "आत."

"आपल्याला कुठं सूर!" तो सहज म्हणाला. "बायको चेष्टा करते, ख्रिस्ती असून गात नाही म्हणून. मी म्हणतो, बाई, मला खुद्द सरांनी काढलंय. सर कधी खोटं बोलले नाहीत." मग आवाज जरा खाली आणून, "तुम्ही मात्र फार प्रयत्न केला, ताई. मी विसरलो नाही. सहा-सहा वेळा घोकून घेतलंत. माझंच प्रमाण चुकलं, जास्त वर गेलो. आणि लहान होतो तर म्हणतो काय, ऑर्गन वर गेला!" तो पुन्हा हसला. "अजून आठवलं की लाज वाटते."

माणसं फाटकाकडे निघाली होती. कुणीतरी मला चहाला बोलवत होतं.

"मुलं किती?" मी विचारलं.

"एकच. मुलगी. नववं लागलंय. आमच्या पाळकबाई मागे लागल्यात, हिला गाण्याच्या गटात घाला म्हणून. शाळेतल्या बाईपण तेच म्हणतात." त्याने मान हलवली. "मी नाही म्हणून टाकलं. उगाच चार लोकांत उभी राहील आणि कुणीतरी सांगेल, आमच्या घराण्यात सूर नाही. ते मी भोगलंय. तिला कशाला? येतो मग, ताई. तुम्ही थकला असाल."

तो वळला. पाच-सहा पावलं गेला.

"योना," मी म्हणाले.

तो थांबला.

"सर खोटं बोलले नाहीत. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं होतं, कोण चुकतंय. तू उतरला नव्हतास. ऑर्गन चढला होता, मी तो सोमवारीच मोजला होता, आणि शुक्रवारी तू मी शिकवला तेवढाच सूर लावलास, चुकीचा मी शिकवला होता. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून विचारलं, आणि मी तुझं नाव सांगितलं."